ठरावात 'सर्वानुमते' नेमकं कधी लिहायचं?

कृष्णाकाठची_सचिव (वाळवा तालुका, सांगली)

नमस्कार. मी आमच्या गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेची सचिव आहे. नदीवरनं पाणी उपसून पाईपलाईननं रानाला द्यायचं, एवढंच संस्थेचं काम. सगळा ऊसच. अकरा वर्षं झाली, प्रोसिडिंग (सभेच्या कामकाजाची नोंदवही) माझ्या हातचं आहे. त्याआधी माझे सासरे लिहायचे. त्यांच्या जुन्या वह्या पुढ्यात ठेवूनच मी शिकले, त्यामुळं वाक्यही त्यांचंच उचललं: "सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक." अकरा वर्षांत हे वाक्य शेकड्यानं लिहिलं असेल. त्यातल्या एकाही शब्दापाशी मी कधी थांबले नव्हते. या सप्टेंबरात थांबावं लागलं.

वार्षिक सभा होती. सभासद 63, हजर 41. विषय होता पाण्याच्या पाळीचा, म्हणजे कुणी कधी पाणी घ्यायचं त्याचा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. दिवसा वरच्या अंगाचे सगळे व्हॉल्व्ह उघडले की शेपटाच्या (पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाच्या) रानांपर्यंत पाणी पोचतच नाही, पोचलं तर करंगळीएवढं. म्हणून ठराव असा आला की वरच्या रानांनी फक्त दिवसाच्या आठवड्यात पाणी घ्यायचं, आणि रात्रीच्या आठवड्यात वरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून शेपटाला पूर्ण दाबानं पाणी सोडायचं. ठराव चांगला आहे. शेपटाकडचे बहुतेक लोक खूश झाले, कारण त्यांना पहिल्यांदाच भरून पाणी मिळणार होतं.

आमच्या भावकीतल्या थोरल्या आत्ती (माझ्या चुलत सासूबाई) तिथं बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, घरात एकट्या, रान 30 गुंठे आणि तेही अगदी शेवटाला. त्या उठून म्हणाल्या, "रातचं मला जमायचं न्हाई बाबांनो. शिवारात बिबट्या फिरतोय. पन तुमी समदी म्हनताय तर करा." आणि खाली बसल्या. चेअरमन मला म्हणाले, "लिवा, सर्वानुमते." मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या. वही काढायला लावली आणि म्हणाल्या, वाच माझ्याम्होरं. मी वाचलं. त्यांनी विचारलं, "सर्वानुमते म्हंजी?" मी म्हटलं, सगळ्यांच्या मतानं. "मग मी त्यात हाय का न्हाई?" मी म्हटलं, आत्ती, तुम्हीच 'करा' म्हणालात की. त्यावर त्या म्हणाल्या, "करा म्हनले. पटलं म्हनले का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांना ठराव मोडायचा नाहीये, कुणाशी भांडणही नाही. फक्त त्यांनी हो म्हटलं असं कागदावर राहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. मला ते रास्त वाटतं आणि तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

तर सर्वानुमते, एकमताने, बिनविरोध आणि बहुमताने, या चारांत नेमका फरक काय? 'करा, पण मला जमणार नाही' हे कशात बसतं? पानावर अजून चेअरमनची सही झालेली नाही. शिवाय मुलानं नोटीस टाईप करताना 'सर्वांनुमते' असं लिहिलं होतं. ते बरोबर की माझं?

---

वाईचा_निवृत्त_मास्तर

ताई, आधी सोपं तेवढं उरकतो. तुमचं बरोबर आहे, मुलाचं चूक. सर्व + अनुमत, दोन अ एकत्र येऊन आ झाला: सर्वानुमत. 'सर्वांनी', 'सर्वांना' हे रोजचे शब्द कानात असतात म्हणून हात आपोआप अनुस्वार देतो. शेवटची 'ए' ही जुन्या मराठीतली तृतीया आहे. एसटीच्या पाटीवर 'कराडमार्गे' असतं ना, तीच ही 'ए'. मार्गे म्हणजे मार्गाने, नावे म्हणजे नावाने, तसं सर्वानुमते म्हणजे सर्वांच्या अनुमताने. आज बोलताना आपण ही 'ए' कुठं लावत नाही, पण कागदपत्रांत ती टिकून राहिली आहे.

आता तुमच्या आत्तींच्या प्रश्नाकडे येतो. त्यांनी 40 वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला वही उघडायला लावली, हे त्यांना जरूर सांगा.

'मत' आणि 'अनुमत' दोन्ही 'मन्' या एकाच धातूचे. पण 'अनु' म्हणजे मागोमाग. अनुकरण, अनुयायी, अनुज, सगळीकडे कुणीतरी पुढे असतो आणि दुसरा त्याच्या मागून येतो. अनुमत म्हणजे दुसऱ्याने पुढे ठेवलेल्या गोष्टीला दिलेली मान्यता. अनुमती हा शब्द त्याचा सख्खा भाऊ, आणि त्याचा अर्थ आपण परवानगी असाच घेतो. एकमताचं तसं नाही. तिथे प्रत्येकाचं स्वतःचं मत असतं आणि ती सगळी मतं एकच निघतात. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर आत्तींचं 'करा' ही अनुमती झाली, आणि 'पटलं' हे मत झालं असतं. त्यांनी पहिलं दिलं, दुसरं दिलं नाही. शब्दाच्या घडणीप्रमाणे पाहिलं तर तुमचं 'सर्वानुमते' कसंबसं टिकतं, 'एकमताने' मात्र अजिबात टिकत नाही.

पण व्युत्पत्ती एकीकडे आणि रूढी एकीकडे. आज वाचणारा माणूस सर्वानुमते आणि एकमताने यांत काही फरक करत नाही. तो हेच समजणार की 41 जणांना ठराव पटला.

'एकमताने' लिहिताना एक काळजी घ्या, ते सलग लिहा. सुट्या 'एका मताने'चा अर्थ पार उलटा होतो. 17 एप्रिल 1999 ला लोकसभेत वाजपेयींचं सरकार 269 विरुद्ध 270 असं पडलं, म्हणजे एका मताने पडलं. सभागृहाचे बरोबर दोन तुकडे झाले होते, तिथे एकमत कुठलं? सुटं असेल तर 'एक'चं सामान्यरूप 'एका' होतं आणि समासात ते 'एक'च राहतं. सगळा अर्थ त्या एका कान्यावर उभा आहे. मी असे कागद पाहिले आहेत जिथे 'एक मताने मंजूर' असं सुटं लिहिलंय, आणि 20 वर्षांनी वाचणाऱ्याला चुरशीचं मतदान झालं की सगळे हो म्हणाले हे कळायला मार्ग नाही.

आणि 'दुमत' पाहा. 'यात दुमत नाही' असं आपण सर्रास म्हणतो. 'माझं दुमत आहे' असं उभं राहून सांगणारा किती वेळा ऐकलाय? हा शब्द जवळपास नकारातच वापरला जातो. तुमच्या आत्तींना सभेत तो शब्द कुणी दिलाच नाही, म्हणून त्यांनी 'पन तुमी करा' म्हटलं.

---

बेदाणा_तासगाव

मी एका कारखान्याचा सभासद आहे, नाव लिहीत नाही. वार्षिक सभेत विषय वाचून संपायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गलका होतो. मागं मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला विषय कुठला होता तेही कळत नाही. अहवालात येतं, सर्वानुमते. एकदा मी हात वर करून उभा राहिलो होतो, पुढच्या विषयापर्यंत तसाच उभा होतो. ताई, तुमच्या आत्तींना निदान वाचून तरी दाखवलंत.

---

लेखापरीक्षक_निवृत्त (सातारा)

मास्तरांचं विवेचन सुंदर आहे, पण त्यातल्या 'कसंबसं टिकतं' या भागावर विसंबू नका असं मी आग्रहाने सांगेन. सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात माझी नोकरी गेली. प्रोसिडिंग ही संस्थेची साक्ष असते आणि साक्षीत व्युत्पत्तीचा आधार घेता येत नाही.

मुळात सर्वानुमते लिहिण्याची गरजच काय होती? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे असे ठराव बहुमताने होतात. कलम 27 मध्ये एक सभासद एक मत हे तत्त्व आहे. ज्याचं रान 20 एकर त्यालाही एकच मत आणि 30 गुंठेवाल्या बाईंनाही एकच. समसमान मतं पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत. पोटनियम दुरुस्तीसारख्या गोष्टीला दोन तृतीयांश लागतात. पाळी बदलायला 41 च्या 41 लागतात असं कुठेही म्हटलेलं नाही. तुमचा ठराव 40 मतांनीही तेवढाच पक्का आहे. 'सर्वानुमते' लिहिल्याने त्याला तसूभर जास्त बळ येत नाही, हे चेअरमनना समजावून सांगा. पुष्कळ पदाधिकाऱ्यांना वाटतं की बहुमताने लिहिलं म्हणजे आपल्या कारभारावर डाग लागला. मी कितीतरी वह्या पाहिल्या ज्यांत 15-15 वर्षं प्रत्येक ठराव सर्वानुमते. अशी वही हातात आली की मी जास्त बारकाईने तपासायचो.

बिनविरोध हा शब्द ठरावाला लावू नका, तो निवडणुकीचा. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर जागा तेवढेच उमेदवार उरले की मतदानच होत नाही. मत पडलंच नाही म्हटल्यावर कुणाला काय पटलं हा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या बाबतीत काय करायचं: सही झालेली नाही हे उत्तम. पान फाडू नका, व्हाइटनर तर मुळीच लावू नका. चुकीचा शब्द खाली वाचता येईल असा एका रेघेने खोडा, वर बरोबर शब्द लिहा, बाजूला तुमची आणि अध्यक्षांची छोटी सही. त्याखाली सभासदाचं नाव घालून त्या काय म्हणाल्या ते लिहा. शक्यतो त्यांच्याच शब्दांत. 'विरोध केला' असंही लिहू नका, कारण तसं त्या म्हणाल्या नाहीत.

---

कृष्णाकाठची_सचिव

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं अनुमत आणि मत मी चार वेळा वाचलं. आत्ती चौथीपर्यंत शिकल्यात. 'करा म्हनले, पटलं म्हनले का' हे त्या किती नेमकं बोलल्या ते मला आता समजतंय.

लेखापरीक्षक साहेब, मी चेअरमनना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत, पाईपलाईन फुटली तर रात्री दोनला स्वतः चिखलात उतरतात. पण ते म्हणाले, "एवढ्यासाठी काय खोडायचं? म्हातारीनं करा म्हटलंय. उद्या जो तो येऊन माझं बी लिवा म्हणंल." मी म्हटलं, लिहू की मग. वही त्यासाठीच आहे. ते म्हणाले, संचालकांच्या बैठकीत बघू.

---

कराडची_इंग्रजी_शिक्षिका

थोडी भर घालते. ताईंचा पेच इंग्रजांनाही पडला होता. त्यांचा 'युनॅनिमस' हा शब्द लॅटिनमधून आलेला, 'ऊनुस' म्हणजे एक आणि 'आनिमुस' म्हणजे मन. आपल्या एकमताचीच घडण. पण सभेच्या कामकाजात त्यांनी आणखी एक लॅटिन शब्दप्रयोग जपला, 'नेमिने कोन्त्रादिसेन्ते'. अर्थ, कोणीही विरुद्ध न बोलता. लिहिताना त्याचं लहान रूप 'नेम कॉन'. काही जण गप्प राहिले किंवा तटस्थ राहिले, पण विरोधात कुणी गेलं नाही, अशा ठरावाला ते हे लावतात आणि 'युनॅनिमस' मुद्दाम टाळतात. गप्प बसलेल्या माणसाला होकारात मोजायचं नाही, हे त्यामागचं कारण.

आपल्याकडे या मधल्या जागेसाठी ठरावाच्या भाषेत रुळलेला शब्द नाही, बिनविरोध निवडणुकीने नेला. 'कोणीही विरोध न केल्याने मंजूर' असं सरळ लिहावं, असं मला वाटतं. 'मौनं सर्वार्थसाधनम्' आपण लहानपणी पाठ केलं, पण ते गप्प राहणाऱ्याने स्वतःसाठी वापरायचं. त्याच्या मौनातून दुसऱ्यांनी आपला अर्थ साधायचा नसतो.

---

मोडी_शिकतोय (मिरज)

आमच्याच मुलखातली जुनी पद्धत सांगतो. शिवकाळात आणि पेशवाईत गावातला तंटा गोतसभेपुढं यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेटे-महाजन असे सगळे बसायचे आणि निवाड्याचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणायचे. हा अरबीतून आलेला शब्द. आपला रोजचा 'हजर' आणि हा 'महजर' एकाच धातूचे. म्हणजे नावातच आहे की तिथं कोण कोण हजर होतं त्याचा हा कागद. निवाडा एक असला तरी हजर असलेल्यांची नावं एकेक करून यायची. लिहिता न येणाऱ्याची निशाणी असायची. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं. मोडी शिकायला लागल्यावर मी पहिल्यांदा असा कागद पाहिला तेव्हा मजकुरापेक्षा त्या निशाण्यांकडंच बघत बसलो होतो. हातानं काढलेले लहान लहान नांगर.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण तेव्हाही ती पाच मुखं कुणाची ते लिहून ठेवायचे. ताई, तुमच्या वहीत हजेरीच्या सह्या असतीलच. ठरावाखाली आत्तींचं एक नाव आलं तर ते आपल्या जुन्या रीतीला धरूनच होईल.

---

वाईचा_निवृत्त_मास्तर

कराडच्या ताईंचं पटलं. लेखापरीक्षक साहेबांचंही पटलं, 'कसंबसं टिकतं' मागे घेतो. शब्दाची घडण समजून घ्यावी, पण वहीत तो आज जसा समजला जातो तसाच लिहावा. आत्तींच्या बाबतीत 'सर्वानुमते' लिहू नये.

मोडीवाल्यांना एक विचारायचंय: निवाड्यात ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याचं काय?

---

मोडी_शिकतोय (मिरज)

मास्तर, हरलेल्याकडून येजितखत लिहून घ्यायचे. म्हणजे मी वादात हरलो असं त्यानं स्वतःच्या नावानं मान्य केल्याचा कागद. त्याचाही कागद वेगळा. 'सगळ्यांना मान्य' या एका शब्दात त्याला गुंडाळत नव्हते.

---

कृष्णाकाठची_सचिव

काल संचालकांची बैठक झाली. मी तुम्हा सगळ्यांचं म्हणणं कागदावर उतरवून नेलं होतं. महजराची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा आमचे सगळ्यात जुने संचालक म्हणाले, त्यांच्या आज्याच्या कागदावर नांगर काढलेला त्यांनी पाहिलाय. त्यानंतर चेअरमन फारसं बोलले नाहीत. एक तरुण संचालक म्हणाला की मग मागच्या वर्षीच्या पाणीपट्टीवाढीच्या ठरावातही दोघातिघांना पटलं नव्हतं. ते खरं आहे आणि ते पान सही होऊन कायम झालंय. त्याचं आता काही करता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. तिथंही मीच लिहिलं होतं.

या ठरावात 'सर्वानुमते' एका रेघेनं खोडून वर 'बहुमताने' लिहिलं, दोघांच्या छोट्या सह्या केल्या. खाली हे घातलं: "शेपटाकडील सभासद श्रीमती (इथं आत्तींचं पूर्ण नाव) यांनी वयोमानामुळे व शिवारातील बिबट्याच्या वावरामुळे रात्रीचे पाणी घेणे आपणास शक्य नसल्याचे सांगितले. ठरावास विरोध केला नाही. ठराव पटल्याचे सांगितले नाही. 'तुम्ही सगळे म्हणता तर करा' असे म्हणाल्या." तरुण संचालक म्हणाला, 'पटल्याचे' हा काय प्रोसिडिंगचा शब्द आहे का, 'संमती दर्शवली नाही' असं लिहा. मी म्हटलं, आत्ती 'पटलं' म्हणाल्यात, तोच शब्द राहू दे. राहिला.

पाळीचा प्रश्न अजून आहे तिथंच आहे. पाटकऱ्यानं (रानात पाणी सोडणाऱ्या माणसानं) आत्तींचं पाणी धरून द्यावं असं एकानं सुचवलं, पण त्याच्याकडं आधीच रात्रीच्या 14 पाळ्या आहेत. पुढच्या बैठकीत बघू असं ठरलंय.

आज सकाळी आत्तींकडं वही घेऊन गेले. पहिलं वाक्य त्यांनी शांतपणे ऐकलं. 'पटल्याचे सांगितले नाही' हे परत वाच म्हणाल्या, मी परत वाचलं. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं. आता ह्या आटवड्याला माजी पाळी कवा हाय?"

मंगळवारी रात्री साडेदहाला आहे. मी आणि आमचे हे बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर जाणार आहोत.